मैदानावरून मार्गदर्शनाकडे : प्रदीपकुमार बॅनर्जी यांची कारकीर्द



उत्तम विद्यार्थी उत्तम शिक्षक होतोच असे नाही, हे शिक्षणक्षेत्रातील मंडळींना सांगण्याची आवश्यकता नाही. खेळाच्या क्षेत्रातही हेच दिसून येते. मैदान गाजविलेल्या कित्येक खेळाडूंना आपली विद्या दुसऱ्याच्या हाती देता आली नाही. उलट, स्वतः फारसे नाव न कमावलेल्या कित्येकांनी नामवंत शिष्य घडविले. दोन्ही भूमिका सारख्याच निष्ठेने पार पाडणारी माणसे विरळाच. भारतीय फुटबॉलच्या इतिहासात अशा विरळ माणसांमध्ये प्रदीपकुमार बॅनर्जी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. देशभर ते ‘पी. के.’ या आद्याक्षरांनी ओळखले जात आणि त्यांच्या हाताखाली खेळलेली पिढी त्यांना ‘प्रदीपदा’ म्हणत असे. बंगालीत ‘दा’ म्हणजे थोरला भाऊ. या एका संबोधनात त्यांच्या कार्यपद्धतीचे बरेचसे मर्म सामावलेले आहे.

त्यांची कारकीर्द केवळ विजयांची यादी नाही. खेळाडू म्हणून त्यांनी देशाला सुवर्णपदक मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला; क्लबांचे प्रशिक्षक म्हणून तर त्यांना अपूर्व यश लाभले. परंतु राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांना तसे यश मिळू शकले नाही. असे का झाले, या प्रश्नाचे उत्तर शोधीत गेले की ते एका व्यक्तीपाशी थांबत नाही. ते शाळेच्या क्रीडांगणापर्यंत आणि गावच्या मोकळ्या जागेपर्यंत येऊन पोहोचते.

बालपण आणि रेल्वेची नोकरी

प्रदीपकुमार यांचा जन्म २३ जून १९३६ रोजी उत्तर बंगालमधील जलपायगुडी येथे झाला. पुढे त्यांचे कुटुंब जमशेदपूरला स्थायिक झाले. पोलादाच्या कारखान्याभोवती वसलेल्या या शहरात मैदाने होती, कामगारांचे संघ होते आणि खेळाला पोषक असे वातावरण होते. तेथेच त्यांचे शालेय शिक्षण झाले आणि तेथेच त्यांच्या खेळाला आकार आला. शालेय वयातच संतोष करंडक स्पर्धेसाठी बिहारच्या संघात त्यांची निवड झाली. उजव्या बगलेवरून वेगाने मुसंडी मारणे, चेंडू पायाशी ठेवून प्रतिपक्षाच्या बचावपटूला हुलकावणी देणे आणि कठीण कोनातून गोलाच्या दिशेने जोरदार फटका मारणे ही त्यांच्या खेळाची वैशिष्ट्ये त्या वयातच दिसू लागली होती.

१९५४ साली ते कलकत्त्यास आले आणि आर्यन क्लबकडून खेळू लागले. दुसऱ्याच वर्षी त्यांनी ईस्टर्न रेल्वेच्या संघात प्रवेश केला आणि १९६७ साली निवृत्त होईपर्यंत ते त्याच संघात राहिले. ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. त्या काळी कलकत्त्यात मोहन बागान, ईस्ट बेंगॉल आणि मोहमेडन स्पोर्टिंग या तीन मोठ्या क्लबांचा दबदबा होता. नामवंत खेळाडू आज ना उद्या या तीनपैकी एका क्लबात जाणार, हे जवळजवळ ठरलेलेच असे. प्रदीपकुमार मात्र या तिन्हींपैकी एकाही क्लबाकडून कधी खेळले नाहीत. ज्या काळात फुटबॉल हा पोट भरण्याचा व्यवसाय नव्हता, त्या काळात रेल्वेची नोकरी म्हणजे दरमहा निश्चित मिळणारे वेतन आणि खेळण्याची मुभा अशा दोन्ही गोष्टी होत्या. रेल्वे, पोलीस, टपाल, बंदरे, कापडगिरण्या, तेलकंपन्या आणि मोठे कारखाने यांनी नोकऱ्या दिल्या नसत्या, तर त्या पिढीतील कितीतरी खेळाडू विशीतच खेळ सोडून निघून गेले असते, हे मान्य केले पाहिजे.

१९५८ साली ईस्टर्न रेल्वेने कलकत्ता फुटबॉल लीगचे विजेतेपद पटकावले. या विजयात प्रदीपकुमार यांचा वाटा मोठा होता. या घटनेचे महत्त्व किती, हे पुढील इतिहासावरून कळते. तीन मोठ्या क्लबांच्या बाहेरील संघाला हे विजेतेपद पुन्हा मिळण्यास २०१९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ते पियरलेस संघाने मिळविले.

देशासाठी

डिसेंबर १९५५ मध्ये ढाका येथे झालेल्या चौरंगी स्पर्धेत प्रदीपकुमार यांनी भारताकडून पदार्पण केले. त्या वेळी ते अवघे एकोणीस वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी मेलबर्न ऑलिम्पिकसाठी समर बॅनर्जी यांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या संघात त्यांचा समावेश झाला. हंगेरीच्या संघाने माघार घेतल्यामुळे भारताला थेट उपांत्यपूर्व फेरीत यजमान ऑस्ट्रेलियाशी खेळावे लागले. हा सामना भारताने ४-२ असा जिंकला. मुंबईच्या टाटा स्पोर्ट्स क्लबचे मूळ गोमंतकीय खेळाडू नेव्हिल डिसूझा यांनी त्यात तीन गोल केले. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाकडून आणि कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाकडून पराभव झाल्याने भारताला चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. तथापि ऑलिम्पिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचलेला तो पहिला आशियाई संघ होता.

१९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये भारताचे नेतृत्व प्रदीपकुमार यांच्याकडे आले. भारताच्या वाट्याला हंगेरी, फ्रान्स आणि पेरू असे बलाढ्य प्रतिस्पर्धी आले होते. हंगेरीविरुद्ध भारत केवळ १-२ अशा फरकाने हरला. फ्रान्सविरुद्धचा सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि त्या सामन्यातील भारताचा गोल कर्णधार प्रदीपकुमार यांनी केला. पेरूविरुद्ध मात्र पराभव पत्करावा लागला आणि संघ पहिल्याच फेरीत बाद झाला. त्यानंतर भारतीय फुटबॉल संघ ऑलिम्पिकच्या मैदानावर उतरू शकलेला नाही.

१९६१ साली केंद्र शासनाने अर्जुन पुरस्कार सुरू केले. त्या पहिल्याच वर्षी प्रदीपकुमार यांना हा पुरस्कार प्राप्त झाला. हा सन्मान मिळविणारे ते पहिले फुटबॉलपटू होत.

जाकार्ताचे सुवर्णपदक आणि एक शिक्षक

प्रदीपकुमार यांच्या जीवनातील सर्वांत महत्त्वाचा धडा त्यांना १९६२ साली जाकार्ता येथे मिळाला. त्या धड्याचे गुरू होते सय्यद अब्दुल रहीम. रहीमसाहेब हैदराबादचे, व्यवसायाने मूळचे शाळाशिक्षक. १९५० पासून भारतीय संघाच्या प्रशिक्षणाची धुरा त्यांच्याकडे होती. खेळाडूची शक्ती ओळखून त्याला योग्य जागी उभे करणे आणि त्याच्या मनाची तयारी करून घेणे, या दोन गोष्टींत त्यांचा हातखंडा होता.

जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत भारताची सुरुवात निराशाजनक झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरविले. त्यानंतर भारताने थायलंडवर ४-१ आणि जपानवर २-० असे विजय मिळविले. थायलंडविरुद्धच्या सामन्यात बचावफळीचा आधारस्तंभ असलेले जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. अशा खेळाडूला बचावात खेळविणे धोक्याचे होते आणि बाहेर बसविणे संघाला परवडणारे नव्हते. रहीमसाहेबांनी त्यांना चक्क आघाडीच्या फळीत खेळविले. उपांत्य सामन्यात भारताने दक्षिण व्हिएतनामला ३-२ असे नमविले आणि अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाशीच गाठ पडली.

यजमान देशाने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. भारतीय प्रतिनिधीने त्याला आक्षेप घेतल्यामुळे स्थानिक जनमत भारताच्या विरोधात गेले होते. ४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामन्याच्या वेळी सुमारे एक लाख प्रेक्षकांनी भरलेले मैदान भारतीय संघाची हुर्यो उडवीत होते. त्याही गर्दीत पाकिस्तानच्या हॉकी खेळाडूंनी भारतीय संघाला प्रोत्साहन दिले, याची आठवण भारतीय खेळाडू पुढे अनेक वर्षे कृतज्ञतेने सांगत. सामन्याच्या पूर्वार्धातच प्रदीपकुमार यांनी पहिला गोल केला. पाठोपाठ जर्नेलसिंग यांनी दुसरा गोल नोंदविला. दक्षिण कोरियाने अखेरीस एक गोल फेडला; पण सामना भारताने २-१ असा जिंकला आणि चुनी गोस्वामी यांच्या नेतृत्वाखालील संघाने सुवर्णपदक मिळविले. १९५१ नंतर भारताचे आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे हे दुसरे सुवर्णपदक होते. त्यानंतर तिसरे अद्याप मिळालेले नाही.

रहीमसाहेबांना तेव्हा कर्करोगाने ग्रासलेले होते. अंतिम सामन्यापूर्वी त्यांनी आपल्या खेळाडूंपाशी भेट म्हणून सुवर्णपदक मागितले, ही हकिकत त्या संघातील खेळाडू पुढे सांगत असत. जून १९६३ मध्ये रहीमसाहेबांचे निधन झाले. प्रशिक्षकाचे चार शब्द थकलेल्या खेळाडूच्या अंगी किती बळ आणू शकतात, याचा प्रत्यय प्रदीपकुमार यांना त्या मुक्कामात आला. पुढे स्वतः प्रशिक्षक झाल्यावर त्यांनी हीच परंपरा चालविली.

प्रशिक्षकपदाची दीक्षा

१९६६ च्या बँकॉक येथील आशियाई स्पर्धेनंतर वाढत्या दुखापतींमुळे प्रदीपकुमार यांनी १९६७ साली स्पर्धात्मक खेळातून निवृत्ती पत्करली. तेव्हा त्यांचे वय एकतीस वर्षांचे होते. खेळ थांबला की खेळाडू विस्मृतीत जातो, हा आपल्याकडील नेहमीचा अनुभव. प्रदीपकुमार मात्र प्रशिक्षणाच्या अभ्यासाकडे वळले.

१९७२ साली त्यांच्याकडे दोन जबाबदाऱ्या आल्या. म्युनिक ऑलिम्पिकच्या पात्रता सामन्यांसाठी ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले आणि त्याच वर्षी ईस्ट बेंगॉल क्लबानेही त्यांना पाचारण केले. ज्या क्लबाकडून ते कधी खेळले नव्हते, त्याच क्लबाचे ते गुरू झाले. १९७२ ते १९७५ या चार वर्षांत ईस्ट बेंगॉलने त्यांच्या मार्गदर्शनाखाली दर वर्षी कलकत्ता लीग जिंकली आणि १९७० पासून सुरू झालेली विजेतेपदांची मालिका सलग सहापर्यंत नेली. ३० सप्टेंबर १९७५ रोजी आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बेंगॉलने मोहन बागानचा ५-० असा दणदणीत पराभव केला. या दोन क्लबांमधील लढतींत एवढ्या मोठ्या फरकाचा विजय विरळाच.

या विजयाला एक विषण्ण करणारी बाजूही आहे. त्या पराभवाच्या धक्क्याने मोहन बागानच्या एका तरुण समर्थकाने आपले जीवन संपविले. पुढे १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांमध्ये दंगल उसळून चेंगराचेंगरीत सोळा जणांना प्राण गमवावे लागले. खेळावरील प्रेमाला विवेकाची जोड नसेल आणि मैदानाच्या व्यवस्थेत ढिलाई असेल तर काय घडते, हे या दोन प्रसंगांवरून ध्यानात येते. ग्रामीण भागात कुस्ती, कबड्डी वा फुटबॉलच्या स्पर्धा भरविणाऱ्या प्रत्येक संयोजकाने त्यांचे स्मरण ठेवणे इष्ट होय.

१९७६ साली प्रदीपकुमार मोहन बागानचे प्रशिक्षक झाले. ज्या संघाला त्यांनी आदल्या वर्षी लोळविले होते, त्याच संघाला त्यांना आता उभे करावयाचे होते. पहिल्याच वर्षी मोहन बागानने लीगचे विजेतेपद मिळवून ईस्ट बेंगॉलची मालिका खंडित केली.

१९७७ चा सप्टेंबर

प्रशिक्षकाची खरी कसोटी संकटात लागते. १९७७ चा हंगाम याचे उत्तम उदाहरण आहे. त्या वर्षी मोहन बागानचा संघ नामवंत खेळाडूंनी भरलेला होता. तरीही लीगच्या सामन्यात ईस्ट बेंगॉलकडून त्याला ०-२ असा पराभव स्वीकारावा लागला. समर्थक संतप्त झाले आणि प्रशिक्षकावर टीकेचा भडिमार झाला. अशा अवस्थेत २४ सप्टेंबर १९७७ रोजी ईडन गार्डन्सवर न्यू यॉर्कच्या कॉसमॉस संघाशी सामना ठरला होता. या संघात प्रत्यक्ष पेले खेळणार होते. ब्राझीलच्या १९७० च्या विश्वविजेत्या संघाचे कर्णधार कार्लोस आल्बेर्तो हेही त्यांच्यासमवेत होते.

खचलेल्या खेळाडूंना घेऊन अशा संघापुढे उभे राहणे सोपे नव्हते. प्रदीपकुमार यांनी खेळाडूंशी दीर्घ संवाद साधला, प्रत्येकाला त्याची नेमकी कामगिरी समजावून दिली आणि समोर कोण आहे यापेक्षा आपण काय करावयाचे यावर लक्ष केंद्रित करावयास लावले. सामना २-२ असा बरोबरीत सुटला. मोहन बागानचे गोल श्याम थापा आणि महंमद हबीब यांनी केले. कॉसमॉसला शेवटी पेनल्टीवर बरोबरी साधावी लागली. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने ईस्ट बेंगॉलला १-० असे हरविले. पुढे दिल्लीचा ड्युरँड चषक आणि मुंबईच्या कूपरेज मैदानावरील रोव्हर्स चषकही त्याच हंगामात जिंकून या संघाने तिहेरी मुकुट मिळविला. लीगमधील पराभवाने जो हंगाम वाया गेल्यासारखा वाटत होता, तोच क्लबाच्या इतिहासात संस्मरणीय ठरला.

प्रदीपकुमार यांच्या सामन्यापूर्वीच्या भाषणांना वृत्तपत्रांनी ‘व्होकल टॉनिक’ असे नाव दिले होते. हे टॉनिक म्हणजे केवळ वक्तृत्व नव्हते. त्यामागे प्रत्येक खेळाडूच्या स्वभावाचा अभ्यास असे. कोणाला चुचकारावयाचे, कोणाला डिवचावयाचे, कोणाला एकांतात समज द्यावयाची आणि कोणाची सर्वांसमक्ष प्रशंसा करावयाची, याचे भान त्यांना होते. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गासमोर उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला ही कला अपरिचित नाही. शब्दांचा परिणाम मात्र तेव्हाच होतो, जेव्हा त्यांच्या मागे मेहनतीचे अधिष्ठान असते. सरावाच्या मैदानावर घाम न गाळलेल्या संघाला कोणतेही भाषण वाचवू शकत नाही.

राष्ट्रीय संघ : मर्यादा आणि कारणे

क्लबांना असे यश मिळवून देणाऱ्या प्रशिक्षकाला राष्ट्रीय संघाबाबत तसे यश का लाभले नाही? १९७२ मध्ये भारताला म्युनिक ऑलिम्पिकसाठी पात्रता मिळविता आली नाही. १९८२ च्या दिल्ली येथील आशियाई स्पर्धेत भास्कर गांगुली यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघाने आशा पल्लवित केल्या होत्या. बांगलादेशावर २-० आणि मलेशियावर १-० असे विजय मिळवून आणि चीनशी २-२ अशी बरोबरी साधून संघ उपांत्यपूर्व फेरीत दाखल झाला. तेथे सौदी अरेबियाने सामना संपण्याच्या सुमारास गोल करून भारताला ०-१ असे हरविले. हातातोंडाशी आलेला घास निसटला. १९८६ च्या सोल येथील स्पर्धेत तर भारताला साखळी फेरीही ओलांडता आली नाही. त्यानंतर प्रदीपकुमार राष्ट्रीय प्रशिक्षकपदावरून दूर झाले.

या अपयशाचे खापर एका व्यक्तीवर फोडणे सोपे आहे; परंतु ते न्याय्य होणार नाही. क्लबाच्या प्रशिक्षकाला खेळाडू वर्षभर लाभतात. त्यांच्या सवयी बदलता येतात, चुका दिवसागणिक सुधारता येतात. राष्ट्रीय प्रशिक्षकाला ते शिबिरापुरते मिळतात. ज्यांचा पाया पक्का आहे अशा खेळाडूंना शिबिरात एकत्र गुंफता येते. पण पायाच नव्याने घालावयाचा असेल तर काही आठवडे पुरत नाहीत. आपल्याकडे देशातील अनेक सामने दीर्घकाळ सत्तर मिनिटांचे खेळविले जात. आंतरराष्ट्रीय सामना मात्र नव्वद मिनिटांचा. उरलेल्या वीस मिनिटांचा दम शिबिरातील भाषणाने कसा येणार?

याच काळात इतर आशियाई देश काय करीत होते, हेही पाहिले पाहिजे. जाकार्तात भारताने ज्या जपानला हरविले, त्या जपानने १९६५ साली राष्ट्रीय पातळीवरील लीग सुरू केली आणि १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळविले. ज्या दक्षिण कोरियाला भारताने अंतिम सामन्यात नमविले, तेथे १९८३ साली व्यावसायिक लीग सुरू झाली. इराणने १९६८, १९७२ आणि १९७६ असा सलग तीन वेळा आशियाई चषक जिंकला. भारतात फेडरेशन चषकाची सुरुवात १९७७ साली झाली आणि राष्ट्रीय लीग सुरू होण्यास १९९६ साल उजाडले. तात्पर्य, भारतीय खेळाडू मागे गेले असे म्हणण्यापेक्षा इतर देश योजनापूर्वक पुढे गेले आणि आपण आहोत तेथेच राहिलो, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

पुन्हा जमशेदपूर

राष्ट्रीय पातळीवरील या अनुभवानंतर प्रदीपकुमार यांनी जे कार्य पत्करले, ते विशेष अर्थपूर्ण आहे. १९८७ साली जमशेदपूर येथे टाटा फुटबॉल अकादमी स्थापन झाली. किशोरवयीन मुलांना निवडून, निवास, आहार, शिक्षण आणि शास्त्रशुद्ध प्रशिक्षण देणारी ही देशातील आरंभीच्या संस्थांपैकी एक होय. १९९१ ते १९९७ या काळात प्रदीपकुमार यांनी या अकादमीच्या तांत्रिक संचालकपदाची धुरा सांभाळली. ज्या गावाच्या मैदानांवर ते स्वतः घडले, तेथेच पुढील पिढी घडविण्यासाठी ते परतले. वरच्या मजल्यावर जे साधले नाही, त्याचे कारण पायाशी आहे, हे ओळखून उचललेले हे पाऊल होते. या अकादमीतून बाहेर पडलेल्या अनेक खेळाडूंनी पुढे भारताचे प्रतिनिधित्व केले.

वयाची साठी ओलांडल्यावरही त्यांची ईर्षा कमी झाली नव्हती. १३ जुलै १९९७ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यात ईस्ट बेंगॉल आणि मोहन बागान समोरासमोर आले. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांच्या ‘डायमंड’ व्यूहरचनेचा त्या वेळी मोठा बोलबाला होता. ईस्ट बेंगॉलची सूत्रे प्रदीपकुमार यांच्याकडे होती. सुमारे १ लाख ३१ हजार प्रेक्षकांच्या उपस्थितीत ईस्ट बेंगॉलने हा सामना ४-१ असा जिंकला आणि बायचुंग भूतिया या तरुण खेळाडूने तीन गोल केले. पुढे हाच बायचुंग भारताचा कर्णधार झाला.

१९९० साली भारत सरकारने प्रदीपकुमार यांना पद्मश्री देऊन गौरविले. २००४ साली जागतिक फुटबॉल महासंघाने, म्हणजेच ‘फिफा’ने, आपल्या शताब्दीनिमित्त त्यांना विशेष सन्मान प्रदान केला. २० मार्च २०२० रोजी कोलकाता येथे वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर अवघ्या सहा आठवड्यांत, ३० एप्रिल रोजी, जाकार्ताच्या विजयी संघाचे कर्णधार चुनी गोस्वामी हेही निवर्तले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने प्रदीपकुमार यांचा २३ जून हा जन्मदिवस तळागाळातील फुटबॉलचा दिवस म्हणून पाळण्याचे ठरविले. पुतळ्यापेक्षा किंवा पुरस्कारापेक्षा हे स्मारक अधिक समर्पक म्हणावे लागेल.

आपल्या हाती काय आहे?

या कारकिर्दीपासून शिक्षक, पंचायत सदस्य आणि शासकीय अधिकारी यांनी काय घ्यावे? पहिली गोष्ट म्हणजे मैदान. जमशेदपूरला मैदाने नसती तर प्रदीपकुमार घडले नसते. गावठाणातील मोकळी जागा अतिक्रमणापासून राखणे, ती सपाट करणे, पावसाचे पाणी साचणार नाही अशी व्यवस्था करणे, ही कामे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहेत. फुटबॉलला फार साहित्य लागत नाही. एका चेंडूवर बावीस मुले खेळू शकतात. कोल्हापुरात पेठापेठांतील तालमींनी आणि तरुण मंडळांनी लोकाश्रयावर हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवला आहे. शाहू स्टेडियमवर सामन्याच्या दिवशी लोटणारी गर्दी त्याची साक्ष देते. जे एका शहराला साधले, ते इतर ठिकाणी अशक्य आहे असे मानण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे शिक्षक. रहीमसाहेब हे शाळाशिक्षक होते, याचा विसर पडू नये. प्रत्येक क्रीडाशिक्षकाला राष्ट्रीय संघ लाभणार नाही. परंतु प्रत्येक राष्ट्रीय खेळाडू कोणा ना कोणा शिक्षकाच्या हाताखालून जात असतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला चेंडू अडविणे, दोन्ही पायांनी मारणे आणि सहकाऱ्याकडे नजर ठेवून खेळणे या गोष्टी नीट शिकविल्या, तर पुढे कोणत्याही प्रशिक्षकाचे निम्मे काम हलके होते. खेळाचा तास रिकामा तास समजून त्यात अन्य विषय उरकून घेण्याची प्रथा ज्या शाळांत असेल, त्या शाळांनी हा विचार अवश्य करावा. १९६० पासून चालत आलेली सुब्रतो चषकासारखी आंतरशालेय स्पर्धा अशा मुलांसाठीच आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे उपजीविका. रेल्वेने नोकरी दिली म्हणून देशाला एक कर्णधार मिळाला. गुणी खेळाडूच्या पोटापाण्याचा प्रश्न सुटला तरच त्याचा खेळ टिकतो. ग्रामीण भागातील होतकरू मुलांना खेळाडूंसाठीच्या योजनांची आणि राखीव जागांची माहिती वेळेवर पोहोचविणे, त्यांची प्रमाणपत्रे आणि अर्ज मुदतीत पुढे पाठविणे, हे वरकरणी किरकोळ वाटणारे काम आहे. पण एका कागदाच्या दिरंगाईने एखादा खेळाडू कायमचा मैदानाबाहेर जाऊ शकतो.

चौथी गोष्ट म्हणजे धीर. प्रदीपकुमार यांना जे यश क्लबांत मिळाले, ते त्यांना राष्ट्रीय संघात मिळाले नाही. म्हणून त्यांनी खेळाकडे पाठ फिरविली नाही. ते एक पायरी खाली उतरून किशोरवयीन मुलांमध्ये जाऊन बसले. मोठ्या पदावर राहिलेल्या माणसाने लहान मुलांना चेंडू कसा अडवावा हे शिकविण्यात कमीपणा मानला नाही. विकासाच्या कोणत्याही कामात असे प्रसंग येतात. वरच्या स्तरावरील योजना अपेक्षित फळ देत नाही, तेव्हा तिचा पाया तपासण्यासाठी पुन्हा गावात, शाळेत, मैदानावर जावे लागते.

जाकार्ताच्या त्या संध्याकाळी भारतासाठी पहिला गोल करणारा खेळाडू जलपायगुडीत जन्मला, जमशेदपूरच्या मैदानांवर वाढला आणि हैदराबादच्या एका शिक्षकाच्या हाताखाली तयार झाला होता. असा एखादा मुलगा किंवा मुलगी आज आपल्याही तालुक्यात, एखाद्या शाळेच्या पटांगणावर खेळत असेल. त्या मुलापर्यंत चेंडू, मैदान आणि शिक्षक वेळेवर पोहोचले, तर प्रदीपदांच्या कार्याला आपला हातभार लागला असे म्हणता येईल.